‘प्रतिनिधी’ कोणाचा? औंधची स्वराज्य-घटना आणि मराठीतील राजा-प्रजा वाद

राजा ठेवावा की जाऊ द्यावा, हा वाद मराठी मुलखात एका राजधानीत व एका सिंहासनाभोवती कधीच झाला नाही. सातारचे राज्य १८४८ मध्ये आणि नागपूरचे १८५४ मध्ये खालसा झाल्यावर मोठ्या प्रदेशापुरता हा प्रश्न इंग्रजांनीच निकालात काढला होता. त्याच १८४८ पासून ‘प्रभाकर’ पत्रात लोकहितवादी जी पत्रे लिहू लागले, त्यांत गेलेल्या राजाबद्दल हळहळ फारशी नाही. पार्लमेंटसारखी सभा येथेही असावी, ही मागणी मात्र आहे. म्हणजे ब्रिटिश मुलखातील मराठी विचार राजाला मागे टाकून पुढे निघाला होता. राजा राहिला तो संस्थानांत. कोल्हापूर, सांगली, मिरज, भोर, फलटण, औंध, सावंतवाडी अशा लहानमोठ्या राज्यांत त्याचे काय करावयाचे, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जिवंत होता. या वादाचा राजकीय इतिहास लिहिला गेला आहे; पण तो ज्या भाषेत झाला, त्या भाषेकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. प्रस्तुत लेखात औंध संस्थानाचे एक उदाहरण घेऊन, शब्दांच्या अंगाने या वादाकडे पाहावयाचे आहे.

औंधच निवडण्याचे एक कारण उघड आहे. राजाने आपण होऊन सत्ता सोडली, याचे हे मराठी मुलखातील सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे. दुसरे कारण त्या राजाच्या उपाधीतच दडलेले आहे. औंधचे अधिपती ‘पंतप्रतिनिधी’. छत्रपती राजाराम जिंजीस असताना ‘प्रतिनिधी’ हे पद निर्माण झाले. प्रल्हाद निराजी हे पहिले प्रतिनिधी. पुढे परशुराम त्र्यंबकांच्या घराण्यात ते पद वंशपरंपरेने स्थिरावले. ‘प्रतिनिधी’ म्हणजे राजाच्या जागी उभा राहणारा, राजाच्या वतीने निर्णय घेणारा. अष्टप्रधानांच्याही वरचा हा मान होता. या शब्दाचा उगम असा राजाकडे आहे. लोकांनी निवडून दिलेला तो ‘प्रतिनिधी’ हा अर्थ, जो आज शाळकरी मुलालाही सहज कळतो, तो पुष्कळ नंतरचा, कौन्सिले आणि निवडणुका आल्यानंतरचा. अधिकार वरून खाली येतो तेव्हाचा प्रतिनिधी आणि अधिकार खालून वर जातो तेव्हाचा प्रतिनिधी, या दोघांना मराठीने एकच शब्द वापरला. औंधमध्ये १९३९ साली हे दोन अर्थ एकाच घटनेत समोरासमोर आले.

भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) हे सूर्यनमस्कारांचे प्रचारक, चित्रकार, कीर्तनकार आणि कलासंग्राहक म्हणून मराठी वाचकांस परिचित आहेत. औंधचे श्रीभवानी संग्रहालय त्यांच्या रसिकतेची साक्ष आहे. किर्लोस्करवाडीचा कारखाना कुंडलजवळच्या माळावर उभा राहिला तो त्यांच्याच आश्रयाने, आणि पं. सातवळेकरांचा स्वाध्याय-मंडळाचा संसारही औंधातच थाटला गेला. मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना १९३५ मध्ये इंदूर येथे मिळाले. त्याआधी तीनच वर्षे, १९३२ मध्ये, कोल्हापूरच्या संमेलनाचे अध्यक्ष सयाजीराव गायकवाड होते. साहित्यिकांच्या सभेने तीन वर्षांच्या अंतराने दोन संस्थानिकांस अग्रपूजेचा मान द्यावा, यावरून त्या दशकातील सुशिक्षित मराठी मनाला राजा हा नकोसा वाटत नव्हता, असे म्हणावे लागते. त्याला नको होता तो बेजबाबदार राजा. अखिल भारतीय संस्थानी लोकपरिषद १९२७ मध्ये मुंबईस भरली तेव्हाही मागणी होती ती राजाच्या छत्राखाली जबाबदार राज्यपद्धतीची. संविधानात्मक राजेशाहीची ही मराठी मांडणी होय. ‘छत्राखाली’ हा तिच्यातील शब्द लक्षात ठेवण्याजोगा आहे.

औंध संस्थान लहान; सुमारे बहात्तर गावे, तीही सलग नव्हेत, सातारा आणि विजापूर या जिल्ह्यांच्या मुलखात तुकड्यातुकड्यांनी विखुरलेली. लोकसंख्या पाऊण लाखाच्या घरात. १९३८ च्या अखेरीस राजाने संपूर्ण जबाबदार राज्यपद्धती देण्याचे घोषित केले आणि जानेवारी १९३९ मध्ये घटना अमलात आली. तिच्यामागे राजपुत्र अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन हे पोलिश अभियंते होते, आणि मसुद्यास महात्मा गांधींचे मार्गदर्शन होते. तिची रचना तळापासून वर जाणारी होती. गावाने पंचायत निवडावयाची, पंचायतींतून तालुक्याची सभा, तालुक्यांतून संस्थानचे विधिमंडळ. महसुलाचा भरीव वाटा गावाकडे राहावयाचा आणि न्यायदानही शक्यतो गावातच व्हावयाचे. राजपद मात्र राहिले.

याच हिवाळ्यात राजकोटात काय घडत होते, हे शेजारी ठेवून पाहिले म्हणजे औंधचे वेगळेपण कळते. तेथील ठाकोरसाहेबांनी डिसेंबर १९३८ मध्ये सुधारणांचे वचन दिले आणि थोड्याच दिवसांत ते फिरवले. मार्च १९३९ मध्ये गांधींना त्यासाठी उपोषण करावे लागले. कोल्हापुरात माधवराव बागलांच्या पुढाकाराने प्रजा परिषद १९३९ मध्येच उभी राहिली आणि तिला दरबाराशी दीर्घ काळ झगडावे लागले. अन्यत्र जे मागूनही मिळेना ते औंधात न मागता मिळाले. समकालीनांच्या कौतुकाचे कारण हेच, आणि या प्रयोगाचे खरे दुबळेपणही येथेच आहे.

‘राजाने प्रजेला स्वराज्य दिले’, हे वाक्य औंधविषयीच्या लेखनात या ना त्या रूपाने पुनःपुन्हा येते. त्याचे व्याकरण साधे आहे. राजा हा कर्ता, स्वराज्य हे कर्म, प्रजा चतुर्थीत. आपल्या व्याकरणकारांनी चतुर्थीचा मुख्य कारकार्थ ‘संप्रदान’ असा सांगितला आहे. ज्याला दान करावयाचे तो. संप्रदानाच्या जागी जो उभा असतो त्याने वाक्यात काहीच केलेले नसते. आता अडचण अशी की स्वराज्य या वस्तूचा अर्थच ‘स्वतःचे राज्य’ असा आहे. जे स्वतःचे आहे ते दुसऱ्याने कसे द्यावे? आणि दिले तर, दिल्यानंतर तरी ते ‘स्व’चे राहते काय? ही शाब्दिक कसरत वाटेल. पण राजेशाही की प्रजासत्ताक या वादाचा सारा गाभा या एका विभक्तीत साठलेला आहे. संविधानात्मक राजेशाहीत राजा सत्ता वापरीत नाही हे खरे. परंतु ती वापरण्याचा लोकांचा अधिकार कोठून आला, असे विचारताच बोट पुन्हा राजाकडेच वळते. छत्र आखूड केले तरी छत्राखालचे छत्राखालीच राहतात.

‘प्रजा’ या शब्दाचीही हीच गोष्ट. संस्कृतात त्याचा मूळ अर्थ संतती. मोल्सवर्थच्या कोशातही तो अर्थ आणि ‘रयत’ हा अर्थ शेजारी शेजारी नोंदलेले आहेत. राजा पिता आणि रयत लेकरे, हे रूपक शब्दाच्या पोटातच आहे. ‘मायबाप सरकार’ हा बोलीतील प्रयोग त्याचेच दुसरे टोक. ‘सरकार’ हे तर संस्थानात प्रत्यक्ष राजाला उद्देशून वापरले जाणारे संबोधन. राजाने अधिकार सोडले की त्याने ‘राजीनामा’ दिला, असे म्हणावेसे वाटते. पण तेथे ‘राजी’ हा अरबी मूळचा, संमतीचा शब्द आहे आणि राजाशी त्याचे नाते केवळ कानाला जाणवते. असो.

दान म्हटले की त्याच्या अटीही येतात. औंधच्या घटनेतील अशी एक अट मतदारासाठी होती, आणि ती साक्षरतेची. तिचा आग्रह गांधींचा होता. हेतू चांगला होता. मताच्या ओढीने माणसे अक्षरे गिरवू लागतील, अशी अपेक्षा होती, आणि प्रौढशिक्षणाला तीमुळे चालना मिळालीही. तथापि १९३९ च्या माणदेशात साक्षर कोण होते, हा प्रश्न टाळता येत नाही. मेंढरांमागे जाणारा धनगर, रामोशी, महार, मांग आणि जवळजवळ प्रत्येक घरातील स्त्री या अटीने स्वराज्याच्या उंबऱ्याबाहेर राहिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सायमन कमिशनपुढे १९२८ मध्येच प्रौढ मताधिकार मागितला होता. मताधिकार हे शिक्षणाचे बक्षीस नसून ते शिक्षणाचे साधन आहे, ही त्यांच्या भूमिकेची दिशा होती. पुढे ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानसभेत त्यांनी ग्रामराज्याच्या गौरवावर जो कठोर हल्ला केला, गावाला संकुचितपणाचे, अज्ञानाचे आणि जातीयतेचे आगर ठरविले, तो औंधला उद्देशून नव्हता. पण औंधच्या घटनेची परीक्षा करताना तो बाजूस ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. गावच्या पंचायतीला सत्ता मिळाली याचा अर्थ गावातील कोणाला मिळाली, हे विचारावे लागते. राजाची सत्ता पाटलाकडे गेली तर रामोशाच्या दृष्टीने प्रतिनिधी बदलला, एवढेच झाले.

येथे व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’कडे (१९५५) वळणे आवश्यक ठरते. या कादंबरीची भूमी औंध संस्थानातील माणदेशाची आहे. एक तरुण मास्तर धनगरांच्या लहानशा वाडीत बंद पडलेली शाळा चालविण्यास येतो. हळूहळू त्या वाडीचा लेखनिक, सल्लागार आणि मध्यस्थ बनतो. गावकऱ्यांच्या अंगमेहनतीने तालीम उभी करवितो. तिच्या उद्घाटनास राजा येतो. आणि पुढे दुष्काळाने वाडी ओस पडते. समीक्षेने या कादंबरीचा विचार प्रादेशिकता, निवेदनशैली आणि निसर्ग-मानव संबंध या अंगांनी विपुल केला आहे. औंधची राज्यघटना हा तिचा विषय नाही. तरीही ज्या संस्थानात मताचा अधिकार साक्षरतेवर अवलंबून होता त्या संस्थानातील प्राथमिक शाळेचा मास्तर हा नुसता मास्तर नसतो. तो नागरिक घडविणारा, जवळजवळ घटनेचाच एक अधिकारी असतो. शाळा भरत नाही, मुले मेंढरांमागे आहेत, ही कादंबरीच्या आरंभीची परिस्थिती या प्रकाशात वाचली की तिला एक राजकीय वजन येते. लेखकाच्या मनात ते होते असा दावा येथे नाही. संहितेत ते आहे, इतकेच.

तालमीचा प्रसंग तर याहून बोलका आहे. व्यायाम हे या राजाचे वेड; तेव्हा वाडीने काही सार्वजनिक बांधावयाचे ठरविले आणि ती तालीम निघाली, यात संस्थानच्या हवेचा वास आहे. वाडी एकत्र येते, राबते, आणि त्या कष्टाची सांगता राजाच्या आगमनाने होते. आपण केलेले काम ‘झाले’ असे वाडीला वाटावयास राजाची नजर त्यावरून फिरावी लागते. यात लाचारी नाही. प्रेम आहे, उत्सव आहे, आणि राजाही तसाच साधा आहे. संविधानात्मक राजेशाहीच्या समर्थकांचा जो सर्वांत बलवान मुद्दा, की लोकांना एकत्र येण्यासाठी पक्षाच्या आणि निवडणुकीच्या पलीकडचे एक दृश्य प्रतीक लागते, तो मराठी ललित वाङ्मयात याहून चांगल्या रीतीने कोठे मांडला गेला असेल, असे वाटत नाही. परंतु कादंबरी येथे थांबत नाही. पाऊस जातो, मेंढरे मरतात, माणसे वाट फुटेल तिकडे जातात. तालीम राहते, वाडी राहत नाही. प्रतीक लोकांना एका दिवसासाठी एकत्र आणू शकते. दुष्काळात त्यांना धरून ठेवील अशी यंत्रणा ते देऊ शकत नाही. हे विधान राजाविरुद्ध आहे तितकेच ते केवळ कागदावर राहणाऱ्या कोणत्याही घटनेविरुद्ध आहे.

प्रयोगाची दुसरी बाजू न सांगता त्याला कागदी म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे उभी राहिलेली कैद्यांची मुक्त वसाहत याच काळातली आहे. ग. दि. माडगूळकरांना ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) या चित्रपटाची कथा सुचली ती तिच्यावरून. पंचायती बसल्या, तंटे गावात मिटू लागले. माणसाला आपला कारभार आपण करता येतो, ही जाणीव एकदा झाली की ती कोणी दिली हे पुढे गौण ठरते, असाही युक्तिवाद करता येईल. तो काही अंशी खरा आहे, आणि त्याचा पुरावा याच संस्थानातील कुंडल या गावी सापडतो.

क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली १९४३ पासून सातारा भागात जे प्रतिसरकार चालले, त्याचे एक प्रमुख केंद्र कुंडल होते, जी. डी. बापू लाड हे कुंडलचेच. प्रतिसरकारनेही न्यायदान मंडळे चालविली, गावगुंडांचा बंदोबस्त केला, तुफान सेना उभारली. राजाने दिलेल्या पंचायती आणि लोकांनी उभे केलेले न्यायमंडळ, अशी गावकारभाराची दोन रूपे त्या परिसरात काही वर्षे शेजारी शेजारी नांदत होती. दोहोंच्या नावांत एकच उपसर्ग आहे. ‘प्रतिनिधी’मधील ‘प्रति’ म्हणजे च्याऐवजी, च्या जागी. ‘प्रतिसरकार’मधील ‘प्रति’ म्हणजे च्याविरुद्ध, च्या तोडीस तोड. पहिल्यात मूळ सत्ता गृहीत आहे आणि तिची सावली पुढे केलेली आहे. दुसऱ्यात मूळ सत्तेचा अस्सलपणाच नाकारलेला आहे. राजेशाहीतील स्वराज्य आणि प्रजासत्ताक यांतील अंतर या एका उपसर्गाच्या दोन अर्थांइतके आहे. आणि तरीही दोन्ही एकाच मातीत रुजले, हे विसरून चालणार नाही. औंधच्या सौम्य राजवटीत भूमिगतांना जो आडोसा मिळाला तो ब्रिटिश मुलखात सहज मिळण्यासारखा नव्हता. दात्याच्या छत्राखाली दान नाकारणारे वाढले.

दिल्लीत हाच वाद १३ डिसेंबर १९४६ रोजी उभा राहिला. पं. नेहरूंनी संविधानसभेत मांडलेल्या उद्दिष्टांच्या ठरावात भारत हे स्वतंत्र, सार्वभौम प्रजासत्ताक होईल असे म्हटले होते. संस्थानी राजांचे प्रतिनिधी तेव्हा सभेत आलेले नव्हते. मुस्लिम लीग आणि संस्थाने येईपर्यंत ठराव लांबवावा, अशी उपसूचना बॅ. मुकुंदराव जयकरांनी आणली आणि डॉ. आंबेडकरांनी तहकुबीची बाजू उचलून धरली. दोघेही मराठी नेते. दोघांच्याही मनात राजनिष्ठा नव्हती, प्रश्न ऐक्याचा होता. नेहरूंचे उत्तर मोठे सूचक आहे. भारत प्रजासत्ताक झाला तरी एखाद्या संस्थानातील लोकांना राजा हवा असेल तर तो ठेवण्यास आडकाठी नाही, असा त्याचा आशय होता. हे औदार्य वरवर पाहता राजेशाहीला दिलेले अभय वाटते. वस्तुतः त्याने राजाच्या पायाखालची जमीनच काढून घेतली. राजा राहील तो लोकांना हवा म्हणून. कर्ता बदलला. ठराव २२ जानेवारी १९४७ रोजी संमत झाला.

व्यवहारात मात्र जुने व्याकरण इतक्या लवकर सुटले नाही. दक्षिणी संस्थाने ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाली, कोल्हापूर १ मार्च १९४९ रोजी. हे विलीनीकरणाचे करार झाले ते संस्थानिकांच्या स्वाक्षऱ्यांनी. ज्या राजाने नऊ वर्षांपूर्वी सत्ता लोकांना दिली असे आपण म्हणतो, त्याच्याच सहीने ते राज्य पुन्हा एकदा दिले गेले. या वेळी भारत सरकारला. पहिले दान पुरे झाले असते तर दुसऱ्यासाठी दात्याकडे काय उरले असते? या प्रश्नाचे उत्तर औंधच्या घटनेच्या प्रशंसकांनी दिलेले नाही. प्रांतात सामील होताच औंधच्या पंचायतींची ती आगळी रचनाही राहिली नाही. गावाच्या हाती सत्ता देणारा विचार संविधानात आला तो निर्देशक तत्त्वांत, अनुच्छेद ४० म्हणून. न्यायालयाकडून बजावून घेता न येणारा. त्याला घटनात्मक बळ मिळण्यास १९९२ सालची त्र्याहत्तरावी दुरुस्ती यावी लागली.

मराठवाड्याच्या वाचकांना आणखी एक गोष्ट स्मरणात आणून देण्यासारखी आहे. २६ जानेवारी १९५० रोजी भारत प्रजासत्ताक झाला, तेव्हा हैदराबाद राज्याचे घटनात्मक प्रमुख राजप्रमुख या नात्याने निजामच होते, आणि सातव्या घटनादुरुस्तीने ते पद १९५६ च्या नोव्हेंबरात रद्द होईपर्यंत ते तसेच राहिले. औरंगाबाद, नांदेड, परभणी, बीड, उस्मानाबाद या जिल्ह्यांनी प्रजासत्ताकातील पहिली जवळजवळ सात वर्षे, नाममात्र का होईना, एका जुन्या राजाच्या प्रमुखपदाखाली काढली. ज्यांनी निजामाविरुद्ध लढा दिला त्यांना हा ‘राजप्रमुख’ शब्द कसा लागला असेल, याचा शोध त्या काळातील मराठी आत्मचरित्रांतून घेण्यासारखा आहे. तनखे तर सव्विसाव्या दुरुस्तीपर्यंत, १९७१ पर्यंत, चालू होते.

परिभाषेनेही आपला निर्णय अर्धवट ठेवला. २६ जानेवारीला मराठीत ‘प्रजासत्ताक दिन’ म्हणतात. संविधानाच्या मराठी उद्देशिकेत मात्र ‘गणराज्य’ हा शब्द योजला आहे. हिंदीने दिनासाठीही ‘गणतंत्र’ घेतले. मराठीने सणाच्या दिवशी जुना ‘प्रजा’ शब्द सोडला नाही. ‘सत्ता’ जोडून त्याला उलटे केले. ज्याच्यावर सत्ता चालते त्याचीच सत्ता. संस्थानांतील प्रजा परिषदांची चळवळ ज्यांनी पाहिली त्यांच्या कानाला ‘प्रजा’ हा हीन शब्द नव्हता, लढाऊ शब्द होता. त्यामुळे तो टिकला असावा.

उद्देशिकेच्या वाक्यरचनेत औंधच्या वाक्यातील गाठ सोडविण्याचा प्रयत्न दिसतो. तेथे कर्ता ‘आम्ही, भारताचे लोक’. क्रियापद ‘अर्पण’ करण्याचे, म्हणजे दानाचेच. आणि घेणारा ‘स्वतःप्रत’. दाता व संप्रदान एकच आहेत. मराठीत असे वाक्य स्वाभाविक नव्हे. आपण देवाला अर्पण करतो, राजाला करतो, स्वतःला कोणी काही अर्पण करीत नाही. म्हणूनच की काय, ‘स्वतःला’ ऐवजी ‘स्वतःप्रत’ असे जुन्या वळणाचे, किंचित अवघडलेले रूप तेथे आले आहे. ‘प्रति’ या उपसर्गाचेच हे तिसरे रूप. यात कोणाच्या जागी उभे राहणे नाही आणि कोणाविरुद्ध उभे राहणेही नाही, केवळ दिशा आहे. पण त्याच वाक्यात अलीकडे, न्याय, स्वातंत्र्य आणि समानता ज्यांना प्राप्त करून द्यावयाची ते ‘नागरिकांस’ असे चतुर्थीतच आहेत.